प्रश्न क्रमांक सदतीस

फॉर्मामागे अठरा रुपये मिळायचे मला,
पंचफुला शहारेला हजारामागे जे काय ते.
तिच्या मांडीवर सूप, माझ्या मांडीवर पुठ्ठा.
पिंपळटोल्यात दुपारचं अंगण म्हणजे कारखाना,
फक्त भोंगा नाही, म्हणून सुटीही नाही.
ओल्या पोत्यात तेंदूपत्ता, जस्ताचा फर्मा, कैची,
धाग्याचं रीळ पायाच्या अंगठ्याला.
वर न बघताच म्हणाली,
"विचार वो पोरी, हात नाही थांबनार."

प्रश्न सदतीस:
एक हजार विड्या वळण्यास एका व्यक्तीस लागणारा वेळ, तासांत.
खाली चौकोन. दोन आकडे मावतील एवढाच.

"एका मानसाले?"
ती हसली, हसण्यात तंबाखूची धूळ, मग खोकला.
"पानं भिजवते सासू.
कापते हे पिंकी, शाळेतून आली का.
बिडी बांधतो मी.
तोंडं मोडते बाजूची बुढी,
तिच्या डोळ्याले दिसत नाही पन नखाले दिसते.
आता यातला एक मानूस कोनता, थे तूच सांग."

गोंदियाच्या हॉलमध्ये, पोहे खाऊन झाल्यावर,
मॅडमनी सांगितलं होतं:
शंका आली तर मुख्य कामगार धरा.
उन्हं उतरत होती. पाच फॉर्म बाकी होते.
बस सव्वापाचची.
मी लिहिलं, ०८.

पिंकीने मान वर केली,
बोटांत कापायचं पान तसंच.
पुढचा प्रश्न तिचाच होता:
चौदा वर्षांखालील मूल काम करते काय?
"करते कुठं," आई म्हणाली, "आपली मदत करते."
निरंक.

जाता जाता तिने सट्टेदाराचं सांगितलं,
शंभरातल्या दहा छाट म्हणून बाजूला सारतो,
पैसे देत नाही, पण फेकतही नाही.
हे कुठल्याच प्रश्नाचं उत्तर नव्हतं.
मी समासात लिहून ठेवलं.
समास मशीनला वाचता येत नाही.

दीड वर्षाने अहवाल आला, गुळगुळीत कागदाचा.
तक्ता चौदा: सरासरी आठ तास दहा मिनिटे.
ती दहा मिनिटं कुणाची होती कोण जाणे,
आठ तासांतले काही माझे होते.
तक्ता समितीत गेला, समितीतून फाइलीत,
फाइलीतून आदेश निघाला:
एका माणसाच्या आठ तासांची मजुरी, दर हजारी.
दर वाढला, खोटं कशाला बोलू. चोवीस रुपये वाढले.
आणि बालकामगार निरंक, म्हणून
टोल्यावर यायचा होता तो संध्याकाळचा वर्ग
दुसऱ्या तालुक्यात गेला.

मी अहवाल घेऊन गेले. कुणी सांगितलं नव्हतं.
पान चौऱ्याऐंशी वाचून दाखवलं.
तिने ऐकलं, कट्टा बांधता बांधता.
"आठ तास?
घडी होती का वो तुयाजवळ?"
मी गप्प.
"आमचे तुले किती भेटले?"
अठरा, म्हटलं. फॉर्मामागे.
"सारे धरले?"
नाही. सात परत आले. अपूर्ण म्हणून.
"अन् कागद? थे देल्ले वापस?"
नाही.
"म्हन्जे तुयाही सट्टेदार हाये,"
ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हात थांबले तिचे.

मग सूप सरकवलं माझ्याकडे.
"बस. बांधून पाय. मंग लिव."

पिंकी आता नववीत. तिने कैची धरायला शिकवलं,
शीर मधे येऊ द्यायची नाही म्हणाली.
पान फाटत होतं, तंबाखू सांडत होती,
अंगठ्याखाली काहीतरी सोलत होतं.
बुढीने माझी एक बिडी बोटांत फिरवून पाहिली
आणि काही न बोलता
दुसऱ्या ढिगात ठेवली.

त्रेसष्ट झाल्या. त्यातल्या एक्केचाळीस छाट.
सव्वापाचची बस मला अंगणातून दिसली,
पुलापाशी वळताना.