मागचा आवाज

दुपारी दोनच्या सुमाराला भद्रावती पेठेतली लाइट जायची
आणि सगळी गल्ली एका दमात शिवी हासडायची.
मी तेवढी खूश.

शेजारचे म्याकल मामांचे आठ माग
एकदम गप्प.
मी लॅपटॉपची बॅटरी बघायची, बासष्ट टक्के,
आणि कपाटात शिरायची.

कपाट म्हणजे स्टुडिओ.
कप्पे काढलेत, चारी बाजूंनी चादरी ठोकल्यात,
मोराची, चौकड्याची,
आणि एक लाल, किनार चुकली म्हणून सेकंडात गेलेली,
नानांनी पगारातून कापून घेऊन घरी आणलेली.
चादर आवाज पिते.
घाम पीत नाही.
बाहेर त्रेचाळीस. आत किती ते मोजायचं नाही.
ओठ ओले करायचे आणि म्हणायचं:
"अनुभवा हिमालयाचा गारवा, आपल्या बेडरूममध्ये."
एकदा हसून, एकदा हळू,
एकदा क्लायंटच्या बायकोला आवडेल तसं.

या गावात मला कुणी ओळखत नाही
आणि ऐकतात सगळे.
पतसंस्थेच्या फोनमधली एक दाबा, दोन दाबा, ती मी.
आपण रांगेत आहात, मी.
ओला कचरा, सुका कचरा वेगवेगळा ठेवा, तीही मीच.
सकाळी सातला माझ्याच आवाजानं मला जाग येते
आणि अम्मा गॅलरीतून घंटागाडीला ओरडते,
"थांब गं बाई, आले!"

फ्रीलान्स म्हणजे काय गं, तिनं एकदा विचारलं.
मांडीवर सूप, बोटांत तेंदूचं पान,
मान वर न करता.
म्हटलं, तुझी मजुरी हजारावर,
नानांची होती मीटरवर,
माझी शब्दावर.
"मग छाट?"
छाट म्हणजे कारखान्यात बाजूला काढलेल्या विड्या,
वळलेल्या, बांधलेल्या,
फक्त हिशेबात न धरलेल्या.
आहे ना, म्हटलं.
"मजा नाही आली, परत पाठवा" म्हणतात आमच्यात तिला.

तर माझा छंद हा: छाट जमवणं.
बाद झालेला एकही टेक मी पुसत नाही.
साडीच्या सेलच्या मधोमध आलेली शिंक.
विमा योजनेत कुकर.
"दुर्दैवानं मृत्यू झाल्यास" इथे नळाचा पहिला फुसफुसाट,
पाचव्या दिवशीचं पाणी,
आणि माइक तसाच टाकून घागरीकडे धावलेली मी.
अम्माचं "तिन्नावा?"
हे जवळजवळ सगळ्यांतच.
आणि शेकडो वेळा,
वाक्य संपायला दोन शब्द उरलेले असताना
लाइट येते, आठ माग उठतात,
खटक फटक, खटक फटक,
हिमालय वाहून जातो.

क्लायंट लिहायचा: मागचा आवाज येतोय, काढा.
एक काना राहिला, मी मनात म्हणायची,
आणि काढायची.

दिवाळीनंतर माग भंगारात गेले.
टेम्पोच्या दोन खेपा.
आता मी केव्हाही रेकॉर्ड करते,
भर अकरा वाजता, पंख्याखाली, दार उघडं टाकून,
आणि काय झालंय कळत नाही,
"आपण रांगेत आहात" म्हणताना
मी कशाची तरी वाट बघत थांबते.

परवा म्याकल मामा आले होते, मोबाइल दाखवायला.
पतसंस्थेला फोन लावतो, एक बाई दोन दाबा म्हणते,
दाबलं की तीच बाई पुन्हा.
मी काही बोलले नाही.
त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला
आणि मार्चमधली एक छाट लावली.

मामा डोळे मिटून बसले.
बोटं गुडघ्यावर चालत होती, मग थांबली.
"तीन नंबरचा," ते म्हणाले.
"धोटा घासतोय. तेल द्यायचं राहिलं."
पुन्हा लाव म्हणाले. लावली.
तिसऱ्यांदा लावली.
मग हेडफोन एका कानावरून जरा सरकवून,
भिडस्तासारखं:
"सगळं बरोबर आहे.
ही एक बाई मधे मधे बोलतेय फक्त.
तिला काढता येईल का?"