जवळचं काहीतरी

साडी ठेव तिथं. फॉलचा रंग मीच बघतो.
रात्रपाळीला ऐकायला काहीतरी सांग म्हणालीस ना?
मग परदेशातलं नको घेऊस.
तिथं माणसं लांब लांब राहतात,
मधे जंगल, मधे बर्फ,
प्रेत सापडायलाच चार-चार भाग जातात
आणि मला एकाचं नाव पाठ होईल तर शपथ.

दिल्लीवाली एक आहे, बरी आहे,
पण बाई सांगताना स्वतःच रडते.
त्यापेक्षा पुण्यातल्या त्या दोन पोरांचं लाव.
हसत हसत सांगतात, मधेच केसांच्या तेलाची जाहिरात,
पण जखमा कशा मोजतात ते नीट समजावतात.
मिरजेच्या वकिलाचे तीन भाग ऐकताना
बॉबिन संपलेली मला कळली नाही,
हातभर नुसती भोकं पडली होती काठाला.

मिरजेपासनं गोडी वाढते बघ.
जयसिंगपूरचा स्टँड, हातकणंगल्याचं फाटक,
ओळखीची गावं लागतात,
मिसळीवर कट ओतत जावा
तसं एकेक किलोमीटर जवळ येतं.

आणि इथलंच पाहिजे असेल
तर सातवा भाग.
राजारामपुरीतला.
गल्लीचा नंबर सांगत नाहीत,
‘एका शांत वस्तीत’ म्हणतात.
शांत!
पहाटे चारला दुधाच्या किटल्या,
पाचला तालमीची पोरं,
रात्री अकराला उद्यमनगरातली पाळी सुटायची,
सायकलींच्या चेनी, हाका, शिव्या.
आमची गल्ली शांत बसायला कोण मेलं होतं?

कुत्रं भुंकवलंय त्यांनी. कुत्रं नव्हतंच.
मागं धो धो पाऊस सोडलाय.
मार्गशीर्षातला गुरुवार होता तो,
घरोघरी घट मांडलेले,
आभाळ धुतल्यागत.

तिचं नाव तेवढं बदललंय, ते बरं केलं.
उज्ज्वलाचं काम केलेली पोरगी ओरडते झकास,
‘वाचवा, मी मेले!’ म्हणते.
मेले?
आपल्यात कुठली बाई असं बोलती?
ती ‘आलो’, ‘बसलो’, ‘जेवलो’ म्हणायची,
तुझ्यामाझ्यागत.
आदल्या दिवशी याच उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली,
‘ब्लाउज उद्या नेतो गं, आज सुट्टे न्हाईत.’
मग ओरडली असेल तर ‘मेलो’ म्हणाली असेल.

असेल काय.
म्हणाली.
दोनदा.

‘शेजाऱ्यांपैकी कुणालाच काही ऐकू आलं नाही,’
असं सांगून ती पोरं जरा थांबतात.
संगीतही थांबतं.
सगळ्या भागात तेवढी एक जागा त्यांना जमलीय.

मशीनला तेव्हा मोटर नव्हती. पायाचं होतं.
‘नवरा-बायकोचं असतंय,’ म्हणून ह्यांनी टीव्ही मोठा केला,
आणि मी पाय थांबवला न्हाई.
उलट जोरात मारला.
पोलिसांना सांगितलं, मशीन चालू होतं साहेब.
खोटं कुठं होतं त्यात?

ब्लाउज मोरपंखी होता. हुक लावायचे राहिलेले.
अगं, कपाटाकडं काय बघतीस,
चार महिन्यांनी जुनेऱ्यात घालून बोहारणीला दिला.
एक पातेलं आलं.
तू आत्ता प्यायलास तो चहा त्यातलाच.

मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतो, सातवा भाग चुकवू नका.
बाविसेक जणी झाल्या असतील.
डोळे मोठे करून परत येतात,
‘अगं बाई, आपल्या इथला होय!’
कुठली गल्ली विचारतात,
नवऱ्याचं पुढं काय झालं विचारतात,
घर आता कुणाकडं आहे, भाड्यानं मिळेल का,
तेसुद्धा एकीनं विचारलं.
शेजारी कोण होतं, ते न्हाई कुणी विचारत.

तू ऐक. इअरफोन चांगला घाल,
मधे मधे आवाज बारीक येतो.
फॉल शुक्रवारी होईल.
येताना सुट्टे आण.