कोऱ्या कागदावर

परिपत्रक निघालं त्या दिवशी
रुग्णालयाच्या गेटवर फ्लेक्स लागला:
'सर्व औषधे आतच, मोफत. बाहेरची चिठ्ठी बंद.'
समोर माझं मेडिकल, गोवंडीत बावीस वर्षं.
शटर अर्धं ओढून हिशेब केला,
पोऱ्याला म्हटलं, दुसरीकडे बघ काम.

आठ दिवस खरंच कोणी आलं नाही.
बाम, डायपर, एखादं थर्मामीटर.
नवव्या दिवशी ट्रॉम्ब्याच्या तांडेलबाई आल्या,
मूठ आवळून.
मुठीत ग्लव्हजच्या खोक्याचा फाडलेला तुकडा,
त्यावर इंजेक्शनचं नाव, सहा नग.
ना शिक्का, ना सही, ना केस नंबर.

पण अक्षर मी ओळखलं.
शेवटच्या अक्षराची शेपटी कागदाबाहेर जाते
ती एकाच डॉक्टरची. वाघचौरे.
रात्री अडीचला ग्लुकोजचा पुडा उधार नेते,
स्टायपेंड झाला की सुट्टे मोजून देते.

'कोणी लिहून दिलं?'
'कोणीच नाय,' बाई म्हणाल्या,
पढवलेलं पोर बोलतं तशा.

मग हे रोजचंच.
पेपराची कड, एक्स-रेच्या पाकिटाचा कोपरा,
एकदा तळहातावर, बॉलपेननं,
घामानं शेवटचं शून्य पुसट:
पन्नास की पाचशे?
गेटपर्यंत गेलो विचारायला.
वॉचमन म्हणाला, बाहेरची चिठ्ठी बंद आहे, शेट.

समिती आली पाहणीला, रजिस्टरं चाळली.
बाहेर लिहिलेल्या चिठ्ठ्या: निरंक.
पहिल्या फ्लेक्सशेजारी दुसरा लागला,
अभिनंदनाचा.
खोटं कशाला बोलू,
गल्ला माझा पूर्वीइतकाच भरतो.
पोऱ्याला परत बोलावलाय.

तांडेलबाईंना बिल हवं होतं.
बिलात डॉक्टरच्या नावाचा रकाना असतो.
मी लिहिलं: स्वतः.

गुरुवारी त्या पुन्हा आल्या,
थर्माकोलचा डबा घेऊन. आत चार इंजेक्शनं.
'मासळीचा बर्फ नाय ह्यो,
येगला आनला. धा रुपयाचा.
दोनच लागली.'
मी मालकांचं विचारलं नाही.
फ्रिजबाहेर गेलेला माल
नियमानं परत घेता येत नाही.
घेतला. पैसे दिले.
त्यांनी मोजले नाहीत.

रात्री अडीचला वाघचौरे आली.
मी पुडा ठेवला,
शेजारी ती चार ठेवली, सगळं सांगितलं, बर्फाचंसुद्धा.
ती बराच वेळ लेबल वाचत राहिली.
'एकवीस नंबरला सकाळपासून हवीयत,' म्हणाली.
एप्रनच्या खिशात टाकली, पुडा विसरली,
दोन पायऱ्या उतरून मागे वळली:
'लिहून देऊ का काही?'

कशावर, म्हटलं.