सुतळी

आडगाव नाक्याच्या ट्रक टर्मिनलात
गाडी लावायची म्हणजे आधी भिंत शोधायची.
टाकीची बाजू भिंतीला लागून,
मधे एवढीच फट की मांजर जाईल,
माणूस नाही.
उतरायचं मग क्लीनरच्या दारानं.
हे मला मालेगावच्या गफूरभाईनं शिकवलं,
आणि त्याआधी
बरोबर याच्या उलटं, तेही त्यानंच.

झंवर शेठनं रविवार कारंजावरून कुलूप आणून दिलं,
पितळी, जड, वर सिंहाचं चित्र.
कुलूप शेठच्या समाधानासाठी असतं.
सायकलच्या स्पोकनं ते किती वेळात उघडतं
हे मी सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर विचारलं असतं,
तुला रे कसं माहीत?

टाकीच्या गळ्यात जाळी बसवली, तिचे साडेचारशे वेगळे.
रात्री काठी बुडवून खडूची रेघ,
सकाळी पुन्हा काठी.
रेघ दोन बोटं खाली आली
की शेठ माझ्या तोंडाकडे बघतो,
काठीकडे नाही.

म्हणून सुतळी.
एक टोक टाकीच्या झाकणाला,
क्लचशेजारच्या भोकातून वर,
दुसरं माझ्या उजव्या अंगठ्याला.
लहानू गावित, माझा क्लीनर, हरसूलकडचा,
पहिल्या रात्री पोट धरून हसला.
म्हणाला, उस्ताद,
यात बैल कोण आणि दावं कोणाचं?

डिसेंबर. निफाडकडची थंडी
पत्र्यातून आत येते, घोंगडीला विचारत नाही.
मागं अंबडहून भरलेली कॉइल, बावीस टन,
तिला कोणी हात लावत नाही.
टाकीत एकशे ऐंशी लिटर,
त्यांच्यासाठी मी जागा.
जागा म्हणजे मी झोपलेला,
अंगठा जागा.

सव्वातीनला सुतळी ओढली गेली.
एकदा. मग थांबून, पुन्हा, हळूच,
झोपलेल्या बापाला उठवावं की नाही
हे पोरगं ठरवत असतं, तशी.

बॅटरी घेऊन उतरलो, गाडीखाली वाकून बघितलं.
पलीकडे मांजराच्या फटीत
दोन अनवाणी पाय, काडीसारखे,
शेजारी पाच लिटरचा कॅन,
कॅनमध्ये लोंबणारी सलाईनची नळी,
जाळीतून जाईल इतकी बारीक.
(आमच्या वेळी बागेतला पाइप असायचा.)
आणि खोकला. घोट गेला होता.

चोर म्हणायला मी तोंड उघडलं
आणि तोंडात ती चव आली.
चौदावं वर्ष, घोटीच्या पुढं कुठंतरी,
गफूरभाई पाठीमागून कुजबुजतोय,
ओढ, पण गिळू नको.
मी गिळलं होतं.

मग माझ्या तोंडून निघालं ते असं:
थुंक रे. थुंक आधी. चूळ भर.
पाण्याची बाटली मी चाकांमधून घरंगळत सोडली.
एक हात आला, बाटली गेली,
मग पाय गेले.
कॅन राहिला.

दीडेक लिटर असेल. फडक्यातून गाळून
टाकीत परत ओतलं.
सकाळी बिल्टी घेऊन शेठ आला, काठी बघितली,
रेघ जिथल्या तिथं.
म्हणाला, कुलूप चांगलं निघालं.
लहानू खोकला. मी बिल्टी वाचत राहिलो.

तिसऱ्या दिवशी धुळ्याला माल उतरवून परतलो.
टर्मिनलच्या टपरीवर ग्लास विसळणारा पोरगा
स्वतःचा चहा घोटभर प्यायला,
तोंड वाकडं केलं, ओतून दिला.
मालक ओरडला, माजला का रे?
माजलेला नाही तो.
तीन-चार दिवस कशालाच चहाची चव लागत नाही,
चहालासुद्धा.

त्याच्यात साखर जास्त टाका, मी म्हणालो,
आणि दोन चहाचे पैसे ठेवले.
पोरानं माझ्याकडे बघितलं नाही.
बघितलं माझ्या चपलेकडे,
अंगठ्यावरच्या वळाकडे.

त्या रात्री गाडी आणखी चार बोटं भिंतीकडे घेतली.
सुतळी बदलली,
नायलॉनची आणली.