विसावी चिठ्ठी

महिनाभर आधी मी यादी केली होती.
चौदा माणसं, दोन मुक्काम, एक लाँच,
हतनूरच्या फुगवट्यातून चांगदेवच्या संगमापर्यंत आणि परत.
खेळ तीन: शुक्रवारी रात्री, शनिवारी जेवणं उरकल्यावर,
रविवारी वेळ उरला तर.
प्रत्येकाच्या पात्राचा कागद लॅमिनेट करून घेतला
भुसावळच्या झेरॉक्सवाल्याकडून.
त्यानं विचारलं, "मॅडम, निवडणूक आहे का?"

लाँचवर चढल्याचढल्या दहा जण रमीला बसले.

मी धरून उरलो चार.
लीलाधर भारंबे, लोको शेडचा फिटर,
त्याला वाटलेलं हा सापशिडीचा मोठा भाऊ असेल.
त्याची भाची तेजल, मोबाइलला रेंज नाही म्हणून आलेली.
आणि इंदुमती झोपे, जिल्हा बँकेच्या निवृत्त कॅशियर.
पत्ते का नाही, विचारलं तर म्हणाल्या,
"एकतीस वर्षं मोजलं. आता काही मोजायचं नाही."

मी समजावलं: पट नाही, सोंगट्या नाहीत.
समोर काय आहे ते मी सांगणार,
तुम्ही काय करता ते तुम्ही सांगायचं.
"म्हंजे तू सांगशीन अन् आमी आयकाचं?"
नाही हो. तुम्ही सांगायचं, आणि फाशानं ऐकायचं.

मी लिहून आणला होता बर्फाचा किल्ला.
तेजल म्हणाली, बर्फ कोणी पाहिलाय इथं?
तेव्हा किल्ल्याचं केळीचं कोल्ड स्टोरेज झालं,
राक्षस झाला त्याचा वॉचमन,
आणि खेळ एकदम पळायला लागला.

मग पाण्याखालच्या कुठल्याशा झाडाचा शेंडा चुकवायला
वसीम तडवीनं लाँच वळवली.
माझा निळा वीसकोनी फासा
भरताच्या पातेल्याला वळसा घालून
कठड्याखालून
डुबुक.

"किती पडले व?" लीलाधरनं विचारलं.
खरंच, कितीतरी पडले असतील.
तापीच्या गाळात आत्ता एक आकडा वर तोंड करून बसलाय.

रमीच्या हिशेबाचा कागद मागून आणला,
त्याच्या पाठकोऱ्या बाजूच्या वीस चिठ्ठ्या केल्या,
शेवेच्या रिकाम्या डब्यात टाकल्या.
काढलेली चिठ्ठी परत टाकायची असते,
हे सांगायचं मी विसरले.

सातव्या चिठ्ठीनंतर इंदुमतीबाई हळूच म्हणाल्या,
"अठरा गेले. वीस गेले. सतरा, चौदा, एकोणीस.
मोठ्या नोटा संपत आल्या.
पुढे दरी आहे ना? मग आधी चिल्लर खर्च करू."

आणि त्यांची चोरटी, जी तोवर गप्प होती,
वाटेतच बसून चपलेचा अंगठा बांधू लागली.
चिठ्ठी: दोन. अंगठा तुटला.
चहा फुंकला. चिठ्ठी: चार. जीभ पोळली.
शिंकली.
एक.
मी म्हटलं, नाकातून रक्त आलं.
"येऊ दे. एक गेला."

रमीवाले एकेक करून उठून आले.
कोणाचा तरी डाव हातात तसाच,
पानं छातीशी धरलेली.
वसीमनं इंजिन बंद केलं.
मग नुसतं पाणी, कडेला लागणारं,
आणि एक बाई तुटक्या चपलेनं
सगळ्यांच्या वाटचं वाईट
बारीकसारीक कामांत उधळत चाललेली.

दरीपाशी पोचलो तेव्हा डब्यात दोनच.
"उडतो आता. मराचं त मराचं," लीलाधर म्हणाला,
आणि इंजिनाच्या ग्रीसनं काळी झालेली नखं
डब्यात घातली.

सोळा.

ओरडलो ते पलीकडच्या काठावरच्या बगळ्यांना कळलं.
तेजल म्हणाली, ती उरलेली बघू ना, कोणती आहे.
इंदुमतीबाईंनी झाकण लावलं.
"मला माहीत आहे," म्हणाल्या.
सांगितलं नाही.

रविवारी वेळ उरला नाही.
उतरताना सामानाच्या गडबडीत
डबा कुणाकडे गेला, लक्षात आलं नाही.

काल त्यांचा फोन आला, ऐन जेवणाच्या वेळी.
पुढची सहल कधी ठरवतेस, एवढंच.
मी म्हटलं, नवा फासा मागवलाय.
पलीकडे थोडा वेळ शांतता,
मग शेवेचा डबा हलवल्याचा आवाज,
आत एकच कागद.

"मागव. पण आरंभीची शिल्लक माझ्याकडे आहे.
वही तिथून उघडायची."