भराव

अठरा वर्षं मी पाया शिकवतोय.
माती किती भार सोसते, कुठे खचते,
चिकणमाती पाणी प्याली की इमारत
कशी हळूच एका खांद्यावर कलते.
थेसालोनिकीचं विद्यापीठ, तळमजला, खोली चौदा.
खडू माझा मीच आणतो.

त्या मंगळवारी मागच्या बाकावरून
स्तेर्योस म्हणाला,
"बँका ज्यूंच्याच ना सर, मग मेट्रो रखडणारच."
तीसेक मुलं हसली.
एक मुलगी हसली नाही. तिचं नाव मला ठाऊक नव्हतं.
मी फळ्याकडे वळलो
आणि एक समीकरण लिहिलं
जे आधीच लिहिलेलं होतं.

आठवडाभर तो खडू बोटांवर राहिला.
मग तिसऱ्या मजल्यावर गेलो,
इतिहासाच्या एव्दोक्सिया त्सोलाकीकडे.
वाटलं, ती एखादं पत्रक हातात ठेवेल:
अशा वेळी काय बोलावं, काय टाळावं.
तिने चहाचं पाणी ठेवलं.
"तुझ्या खोलीखाली काय आहे?"
"लाल चिकणमाती. वर भराव, दोनेक मीटर."
"भराव कशाचा?"

मी हजारदा हा शब्द लिहिलाय. भराव.
नकाशात त्याला तिरप्या रेघा मारतात.

तिने खण उघडला.
जुना नकाशा, त्यावर आमचं ग्रंथालय नाही, कँटीन नाही,
नुसती थडगी, शतकानुशतकांची, खेटून खेटून.
फोटोत बेचाळीसचा डिसेंबर,
पहारी, ढकलगाड्या, टोप्या घातलेले मजूर,
आणि हिब्रू अक्षरांचे संगमरवर
पायऱ्या व्हायला निघालेले.
थडग्यांची माणसं काही महिन्यांनी गेली. रेल्वेने.
चहा निवला. तिने पुन्हा केला.

तेव्हापासून गुरुवारी संध्याकाळी आम्ही पाच जण बसतो.
कायद्याचा योर्दानिस, रसायनाची फोतिनी,
दातांचे एक डॉक्टर जे फक्त ऐकतात,
एव्दोक्सिया, मी.
"हा माझा विषय नाही" हे वाक्य
प्रत्येकाने एकदा म्हणून झालंय, आता परवानगी नाही.
वाचतो, भांडतो, एकमेकांचे धडे तपासतो.
एकदा बेनुता सापोर्ता आल्या,
चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलेल्या.
खुर्चीत बसताच म्हणाल्या,
"मी स्मारक नाही. मला पार्किंग मिळालं नाही, त्याचा राग आहे."
मग, बिस्किट मोडत:
"तो मुलगा बोलला ते मी शाळेपासून ऐकतेय.
मास्तर फळ्याकडे वळतो, तेही."

बिस्किटाचा चुरा त्यांनी तळहातात गोळा केला.
कुणाला काही सुचलं नाही.

सातवं व्याख्यान मी नव्याने लिहिलं.
एव्दोक्सिया मागे बसली, पेन्सिल चावत.
नकाशावर नकाशा ठेवला, आणि विचारलं
इथे बोअर घेतलं तर अहवालात काय लिहाल?
कुणीतरी म्हणालं, भराव.
मी थांबलो. फार वेळ थांबलो बहुतेक,
कारण खिडकीबाहेरचा गवत कापणारा माणूस
यंत्र बंद करून आत बघू लागला.

स्तेर्योसला वेगळं काम दिलं.
"बँका त्यांच्याच. ठीक. मांड.
गृहीत काय धरलंस, आकडा कुठला, कुणी मोजला."
दोन आठवड्यांनी अर्धा कागद घेऊन आला.
"आकडा सापडला नाही सर."
"मग कुठून आलं?"
"ऐकलेलं."
"कुठे?"
त्याने बुटाकडे पाहिलं. "घरी."
मला रागवायचं होतं. मला माझं घर आठवलं,
जेवणाच्या टेबलावरचे काका, आणि आम्ही सगळे हसणारे.

तो बदलला असं मी म्हणणार नाही.
एकदा नकाशासमोर उभा दिसला, एकदा वर्गाला आलाच नाही.
त्या मुलीचं नाव मिर्सिनी.
ती का हसली नव्हती, तिने सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
आता पहिल्या दिवशीच सगळ्यांची नावं पाठ करतो.

काल रात्री एक वाजता स्तेर्योसचा ईमेल.
एकच ओळ: सर, हे परीक्षेला आहे का?
आहे, मी लिहिलं.
मग उठून प्रश्नपत्रिका काढली,
कारण तोवर नव्हतं.