साडेसहाशे शब्दांची मर्यादा

पहिल्या खर्ड्यात मी नेतृत्व केलं.
दुसऱ्यात संकटावर मात.
तिसऱ्यात आजोबांचं मरण आणलं कामाला
आणि दोन दिवस माझी मलाच लाज वाटत राहिली.

मिस ओयाला पेन्सिलीचं बूड कागदावर टेकवून म्हणाल्या,
"असेल सगळं खरं. पण यात तू कुठंयस?"

डुलुथवर बर्फ पडत होता, सरोवर दिसेनासं.
बाबा रात्री दोनला नांगर घेऊन निघतात,
बर्फाचा नांगर, पालिकेचा, नारिंगी.
जानेवारीत एकदा त्याच्या पात्यानं
मिसेस हाल्वर्सनची टपालपेटी उडवली.
कुणी पाहिलं नव्हतं.
पाळी संपवून आले ते थेट माझ्या खोलीत,
"ऊठ. टॉर्च धरायला चल."

जमीन दगड झालेली, पहार अंगावर उलटत होती.
मग त्यांनी रंगाच्या बादलीत खांब उभा केला,
भोवती पाणी ओतलं
आणि थंडीला म्हणाले, आता तू धर.
एप्रिलमध्ये पेटी कलली.
पुन्हा गेले, या वेळी सिमेंट घेऊन.

एवढंच लिहिलं.
शेवटी 'यातून मी शिकले की' असं लिहून
खोडलं.
हातमोजा विसरल्यानं बोटं टॉर्चला चिकटली होती,
ते राहू दिलं.

चारशे बारा शब्द.
बाबांनी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं,
चष्मा काढला, पुन्हा लावला.
"बादली रंगाची नव्हती," म्हणाले,
"काकडीच्या लोणच्याची होती."

तेवढं दुरुस्त केलं.